सोमय्या मैदान ते आझाद मैदान: मार्च २०१८ च्या शेतकरी मोर्चाचा प्रकरण अभ्यास

६ मार्च २०१८ च्या दुपारी नाशिकच्या सीबीएस चौकातून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा निघाला आणि १२ मार्चला पहाटे मुंबईत आझाद मैदानावर पोचला. अंतर सुमारे १८० किलोमीटर. निघताना पंचवीस हजारांच्या आसपास माणसे होती, मुंबईत शिरताना संघटनेच्या हिशेबाने चाळीस ते पन्नास हजार. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतले आदिवासी शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते, वाटेत ठाणे-पालघरकडचे वारली येऊन मिळाले. एवढा जमाव कसारा घाट उतरून, ठाणे ओलांडून, भर मुंबईतून गेला आणि कुठेही लाठीमाराची वेळ आली नाही.

या मोर्चाची आठवण निघते ती रक्ताळलेल्या तळपायांच्या छायाचित्रांमुळे. ती छायाचित्रे खरी आहेत आणि विसरू नयेत अशीच आहेत. पण मोर्चा काढणाऱ्याने, बंदोबस्त लावणाऱ्याने आणि या विषयावर काम करणाऱ्या वकिलाने या प्रकरणाकडे दुसऱ्या कारणासाठीही पाहायला हवे. मोर्चा शांततेत पार पडला याचे श्रेय आपण एकतर मोर्चेकऱ्यांच्या सोशिकपणाला देतो, नाहीतर पोलिसांच्या चांगुलपणाला. प्रत्यक्षात ती शांतता वेळ, रस्ता आणि बोलणी यांबद्दल दोन्ही बाजूंनी वेळेवर घेतलेल्या काही निर्णयांतून घडली. त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाची किंमत मात्र एकाच बाजूने मोजली.

मागणी काय होती, बेत काय होता

पहिली मागणी वनहक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हायला हवी. दावे दाखल होऊन वर्षे उलटली होती. अनेकांचे दावे नाकारले गेले होते, अनेकांना कसत असलेल्या क्षेत्राच्या जेमतेम तुकड्याचा पट्टा मिळाला होता. जोडीला २०१७ च्या कर्जमाफीतून सुटलेले शेतकरी, हमीभाव, आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातले नद्यांचे पाणी गुजरातकडे वळवू नये ही मागणी. नेतृत्वात कळवणचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित, अशोक ढवळे, अजित नवले ही मंडळी होती.

बेत होता १२ मार्चला विधानभवनाला घेराव घालण्याचा. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते आणि १२ मार्च हा सोमवार होता. हा वार पुढे सगळ्याच्या मध्यभागी येतो.

पोलिसांच्या हाती काय काय होते

संविधानाच्या कलम १९(१)(ख) ने नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. कलम १९(३) नुसार त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण सार्वजनिक सुव्यवस्था किंवा देशाचे सार्वभौमत्व व अखंडता या कारणांसाठीच. वाहतुकीची गैरसोय हे स्वतंत्र कारण त्या कलमात नाही. ती सुव्यवस्थेच्या किंवा इतरांच्या ये-जा करण्याच्या हक्काच्या अंगाने येते, आणि तिथे सारा वाद प्रमाणाचा असतो.

रस्त्यावरच्या सभेबद्दलचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हिंमतलाल शाह यांच्या खटल्यात घातला. तो खटला अहमदाबादचा असला तरी कायदा आपलाच होता, मुंबई पोलीस अधिनियम, म्हणजे आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३३ खालच्या नियमांनी रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येईल, पण सभा घेऊच द्यायची नाही अशी मोकळी मुभा पोलीस अधिकाऱ्याला देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नियमन आणि मनाई यांतला हा फरक पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावा.

मार्च २०१८ मध्ये पोलिसांकडे ही हत्यारे होती. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१), म्हणजे शस्त्रे, दगड, प्रक्षोभक घोषणा वगैरेंवर बंदी, आणि ३७(३), म्हणजे जमाव किंवा मिरवणुकीवर बंदी. ३७(३) चा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. म्हणूनच जिल्ह्याजिल्ह्यांत दर पंधरवड्याला तोच मजकूर नव्या तारखेने निघताना दिसतो. दुसरे, फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, म्हणजे दंडाधिकाऱ्याचा जमावबंदीसारखा मनाई आदेश, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले आहे. तिसरे, त्याच संहितेच्या कलम १४९ ची नोटीस (आता १६८), म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेली पूर्वसूचना. चौथे, पोलीस अधिनियमाची कलमे ६८ आणि ६९: पोलिसांचा वाजवी हुकूम पाळणे बंधनकारक, आणि न पाळणाऱ्याला बाजूला काढता येते, ताब्यात घेऊन प्रसंग टळल्यावर सोडता येते.

ही हत्यारे मोर्चाच्या पहिल्याच दिवशी नाशिकच्या हद्दीत काढता आली असती. विल्होळीलाच रस्ता अडवून हजारो माणसे ताब्यात घेण्याचा मार्ग कागदावर उपलब्ध होता. पण एवढी माणसे ठेवायची कुठे, न्यायची कशात, आणि त्यात बाया-म्हाताऱ्या किती, हा विचार कोणताही अनुभवी अधिकारी आधी करतो. शिवाय अडवलेला मोर्चा पांगत नाही. तो अडवला तिथे बसतो आणि मुंबई-आग्रा महामार्ग बंद पडतो. चालता मोर्चा रस्त्याचा एक पट्टा व्यापतो, अडवलेला मोर्चा सगळा रस्ता व्यापतो. हे साधे गणित वेळेवर न उमगल्याने किती ठिकाणी प्रकरणे चिघळली आहेत! ९ ऑगस्ट २०११ ला मावळात बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पवना जलवाहिनीच्या विरोधात उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तीन माणसे गेली. ती जखम राज्याच्या पोलीस दलात आणि शेतकरी संघटनांतही २०१८ मध्ये ताजी होती.

जमावबंदीचा आदेश सरसकट काढला की तो टिकतोच असे नाही, हे पुढे बीड जिल्ह्याच्या प्रकरणात स्पष्ट झाले. माजलगावात नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात मैदानावर शांततेने धरणे धरण्यास परवानगी नाकारली गेली, कारण म्हणून अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कलम ३७ च्या आदेशाकडे बोट दाखवले गेले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १३ फेब्रुवारी २०२० ला दोन्ही आदेश रद्द केले. आदेशाची भाषा सर्वसाधारण असली तरी रोख एका विशिष्ट आंदोलनावर आहे हे न्यायालयाने ओळखले, आणि एका कायद्याला विरोध करायचा आहे एवढ्यावरून कोणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले.

रविवारचा हिशेब

मोर्चाचा शेवटून दुसरा टप्पा ठाण्याच्या आनंदनगर नाक्यापासून चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानापर्यंतचा, पूर्व द्रुतगती महामार्गावरून. ११ मार्च, रविवार. वाहतूक पोलिसांनी दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याची एक मार्गिका मोर्चासाठी ठेवली आणि बाकीची वाहतूक चालू ठेवली.

एक मार्गिका म्हणजे साधारण साडेतीन मीटर रुंदी. गाठोडे, काठी, झेंडा घेतलेली चार माणसे तीत शेजारी-शेजारी चालू शकतात, पाचवा दुभाजकाकडे किंवा वाहनांकडे ढकलला जातो. चाळीस हजार माणसे चार-चारच्या ओळीत म्हणजे दहा हजार ओळी. दोन ओळींत सव्वा मीटरच्या आत अंतर ठेवले तरी मोर्चाची लांबी बारा किलोमीटरच्या घरात जाते. थकलेल्या जमावाचा वेग ताशी साडेतीन किलोमीटर धरा: एका ठरावीक खांबासमोरून मोर्चाचे डोके गेल्यापासून शेपूट जाईपर्यंत जवळजवळ साडेतीन तास लागतात.

संघटनेचे आणि बंदोबस्ताचे बहुतेक नियोजन याच एका आकड्यावर उभे राहते. पाण्याचे टँकर एकाच ठिकाणी उभे केले तर तिथे साडेतीन तास रांग आणि मागे ढकलाढकली, म्हणून टँकर अंतराअंतराने आणि रस्त्याच्या डाव्या अंगाला लावावे लागतात. मार्चच्या उन्हात माणशी तीन लिटर पिण्याचे पाणी धरले तर चाळीस हजारांना दिवसाला एक लाख वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर. रुग्णवाहिका डोक्याशी ठेवून उपयोग नाही. चक्कर येणारी, पायाला फोड आलेली माणसे शेपटाकडे गळत येतात, म्हणून निदान एक रुग्णवाहिका आणि एक रिकामा टेम्पो शेवटच्या ओळीच्या मागे हवा. मोर्चात खंड पडला की मधल्या फटीत गाड्या घुसतात, आणि सगळ्यांत जास्त अपघात तिथे होतात. त्यामुळे डोक्याचा वेग शेपटाने ठरवायचा असतो. पुढे चालणारे तरुण जोशात पावले उचलतात आणि मागे म्हाताऱ्या धावायला लागतात, ही नेहमीची चूक आहे. पुढच्या ओळीत वयस्क माणसे चालवली की ती आपोआप टळते.

या मोर्चात गावे आपापला शिधा घेऊन आली होती. तांदूळ, डाळ, जळण टेम्पोत, मुक्कामावर तालुक्या-तालुक्याच्या चुली. याचा फायदा पोटापुरता नव्हता. माणसे गावाने आणि तालुक्याने चालत होती, प्रत्येक गटाला आपला माणूस ओळखीचा होता. अशा जमावात बाहेरचा कोणी दगड उचलायला लागला तर तो लगेच वेगळा दिसतो. सुटासुटा आलेला जमाव आणि गावकीने आलेला जमाव यांत बंदोबस्ताच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो.

रात्री चालायचे ठरले ते का

सोमय्या मैदानावर मोर्चा टेकला तेव्हा रविवारची संध्याकाळ झाली होती. जलसंपदा मंत्री गिरीश महाजन सरकारतर्फे मोर्चाला सामोरे गेले होते, निरनिराळ्या पक्षांचे पुढारी येऊन पाठिंबा देऊन जात होते. प्रश्न सोमवार सकाळचा होता.

सोमय्या मैदानापासून आझाद मैदान पंधरा किलोमीटरच्या आसपास. रस्ता शीव, दादर, परळ, भायखळा असा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने. हा महामार्ग नाही. सिग्नल, चौक, इस्पितळे आणि शाळा यांनी भरलेला शहराचा कणा आहे. सकाळी सहाला निघाले असते तर डोके सव्वादहाच्या सुमारास आझाद मैदानावर पोचले असते आणि पूर्ण रस्ता वापरून, आठ-आठच्या ओळीत चालूनही शेपूट दुपारच्या बाराला. म्हणजे सकाळी आठ ते अकरा या तीन तासांत कोणता ना कोणता मोठा चौक बंद राहिलाच असता. सोमवारी दहावीचा पेपर होता. पेपर अकराला सुरू होतो, मुले नऊ-साडेनऊपासून घराबाहेर पडतात.

हा पेच पोलिसांनी आणि सरकारने मोर्चाच्या नेत्यांपुढे मांडला. मांडण्याची पद्धत इथे महत्त्वाची. हुकूम काढून सकाळी चालायला बंदी घातली असती तर मैदानावरच्या पन्नास हजारांना ती शेवटच्या क्षणी केलेली अडवणूक वाटली असती. विनंती झाली, अडचण सांगितली गेली, आणि निर्णय मोर्चाने घेतला. दिवसभर रणरणत्या उन्हात चाललेली माणसे मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली, आणि पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून रातोरात चालून पहाटे आझाद मैदानावर पोचली. वाटेत मुंबईकर पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, चपला घेऊन उभे होते.

पोलिसांच्या बाजूने ही रात्र सोपी झाली, आणि ते मान्य करायला हरकत नाही. रस्ते मोकळे, बाजार बंद, बसगाड्या नाहीत. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतात, त्यामुळे घोषणांचाही प्रश्न उरला नाही. पोलीस आयुक्त दत्ता पडसळगीकर यांच्या दलाने चौक धरून ठेवायचे आणि मोर्चा पुढे जाऊ द्यायचा, एवढेच करायचे होते.

पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट लिहिली पाहिजे. जमण्याच्या हक्कात लोकांना दिसण्याचा हक्क येतो. शहराला आपले म्हणणे भर दिवसा ऐकवता यावे म्हणूनच माणूस १८० किलोमीटर चालतो. इथे मोर्चाने आपली झोप दिली, आपला दिवस दिला, आणि विधानभवनाचा घेरावही सोडला. तो निर्णय मोठ्या मनाचा होता. म्हणून पुढच्या प्रत्येक मोर्चाकडून तशीच अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. २०१८ नंतर अनेकदा ‘शेतकऱ्यांनी कशी समज दाखवली होती’ हे उदाहरण इतर आंदोलकांच्या तोंडावर फेकले गेले. आंदोलकांनी स्वेच्छेने दाखवलेली समज पोलिसांच्या अटींच्या यादीत जाऊन बसता कामा नये. परीक्षा, सण, अधिवेशन, कोणत्या ना कोणत्या कारणाने प्रत्येक दिवस गैरसोयीचाच असतो.

मैदानावरचा दिवस

मुंबईत मोर्चे आझाद मैदानावर थांबवायचे ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस उच्च न्यायालयापुढे आलेल्या नागरिकांच्या याचिकेनंतर रूढ झाली. त्याआधी मोर्चे काळा घोडा, मंत्रालयापर्यंत जात. मैदानापासून विधानभवन जवळ असले तरी ज्याच्याशी बोलायचे तो दिसत नाही. म्हणून मैदानावर बसलेल्या जमावाचा धीर एकाच गोष्टीवर टिकतो: शिष्टमंडळाला कधी बोलावणार.

१२ मार्चला ते दुपारी बोलावले गेले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानभवनात शिष्टमंडळाशी काही तास चर्चा केली, मंत्र्यांची समिती बसली, बहुतेक मागण्या मान्य झाल्या आणि वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्यासह सगळे लेखी आले. मंत्र्यांनी मैदानावर येऊन ते जाहीर केले. संध्याकाळी परतीसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून विशेष गाड्या सोडल्या गेल्या. ही परतीची सोय बारीक वाटते. पण जमाव कसा पांगणार याचा विचार जमाव येण्याआधी करायचा असतो, आणि बहुतेक बंदोबस्तांत तोच सर्वांत उशिरा होतो.

याची किंमत कळायला २३ नोव्हेंबर १९९४ ची नागपूरची संध्याकाळ आठवावी. गोवारी समाजाचा मोर्चा हिवाळी अधिवेशनावर आला होता. माणसे दिवसभर अडथळ्यांपाशी ताटकळली, सरकारतर्फे भेटायला कोणी आले नाही. अंधार पडत असताना रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बहुतेक बाया आणि मुले. ही माणसे शांततेने निवेदन द्यायला आली होती. घट्ट बॅरिकेड, तिन्ही बाजूंनी कोंडी, बाहेर पडायला अरुंद वाट आणि संध्याकाळपर्यंत न आलेले उत्तर, हे चार घटक एकत्र आले की हिंसक हेतू कोणाचाच नसला तरी माणसे मरतात. शिष्टमंडळाची भेट ही राजकीय सौजन्याची बाब समजली जाते. आमच्या मते ती बंदोबस्ताचाच भाग आहे, आणि तिची वेळ बंदोबस्ताच्या आराखड्यात लिहिलेली असावी.

संख्या, अटी आणि न पाळता येणारी परवानगी

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण याच मैदानावर झाले. तेव्हा मुंबईसाठी सभा-आंदोलनांचे नवे नियम आले होते. पोलिसांनी २९ ऑगस्टला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एका दिवसासाठी, पाच हजार माणसांची परवानगी दिली आणि नंतर ती दिवसागणिक वाढवली. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट माणसे आली. मैदान, महापालिकेसमोरचा चौक आणि टर्मिनसचा परिसर भरून गेला. पाऊस, गणेशोत्सव, अपुरी शौचालये, बंद खाणावळी. उच्च न्यायालयाने अटी मोडल्याबद्दल कडक शब्दांत विचारणा केली, रस्ते मोकळे करायला सांगितले, आणि २ सप्टेंबरला शासन निर्णय निघून उपोषण सुटले.

दोन प्रकरणांतला फरक आंदोलकांच्या स्वभावात शोधू नये. तो येण्याच्या पद्धतीत आणि परवानगीच्या आकड्यात आहे. पायी मोर्चा सहा दिवस आधीपासून सगळ्यांना दिसत असतो, तो किती लांब आहे, कधी कुठे पोचेल हे मोजता येते. वाहनांनी येणारा जमाव काही तासांत येऊन थडकतो आणि त्याच्या गाड्या कुठे लावायच्या हाच पहिला पेच होतो. दुसरे, पाच हजारांहून कितीतरी जास्त माणसे येणार हे जिथे सर्वांना आधीच दिसत होते, तिथे कागदावर पाच हजार लिहून कोणाचेच भले झाले नाही. आयोजकाने सही केली तेव्हाच अट मोडलेली होती, आणि मोडलेली अट पुढे कारवाईचा आधार झाली. पाळता येणार नाही अशी अट घालणे म्हणजे नियमन नव्हे. आणि पाळता येणार नाही हे माहीत असून ती स्वीकारणे ही आयोजकाचीही चूक आहे. त्याने तिथेच लेखी सांगावे: एवढी माणसे येण्याचा अंदाज आहे, दुसरी जागा द्या किंवा टप्पे ठरवून द्या.

अर्ज करणाऱ्यासाठी

अर्ज ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत जमायचे तिथल्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे, प्रती परिमंडळाच्या उपायुक्तांना आणि वाहतूक शाखेला. जिल्ह्यात असाल तर पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी. मोर्चा अनेक हद्दींतून जात असेल तर प्रत्येक ठाण्याला वेगळा अर्ज. पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच न देणाऱ्या ठाण्याला तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने त्याच दिवशी पाठवा. नाकारल्याचे तोंडी सांगितले तर लेखी कारण मागा, कारण न्यायालयात आव्हान द्यायचे ते त्या लेखी आदेशाला.

अर्जात मोघम लिहू नका. निघण्याची व पोचण्याची वेळ, रस्त्याचा नकाशा, संख्येचा खरा अंदाज, ओळीत किती माणसे, कुठे विसावा, पाणी आणि शौचालयाची सोय, स्वयंसेवकांची संख्या आणि त्यांची ओळखखूण, संपर्काच्या दोघा-तिघांचे क्रमांक, परतीची व्यवस्था. दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक हे किमान प्रमाण धरा. आणि स्वयंसेवकांनी पोलिसांच्या व जमावाच्या मध्ये उभे राहायचे, जमावाच्या आत मिसळायचे नाही. पर्यायी रस्ता आणि पर्यायी वेळ तुम्हीच सुचवा. न्यायालयात गेल्यावर ‘आम्ही दोन पर्याय दिले, पोलिसांनी एकही पाहिला नाही’ हे वाक्य बाकी सगळ्या युक्तिवादांपेक्षा जड भरते.

कलम १६८ ची नोटीस हाती आली तर घाबरून मोर्चा रद्द करू नका. ती पूर्वसूचना आहे, जमावबंदी नव्हे. ती घ्या, पोच द्या आणि लेखी उत्तर द्या. जमावबंदीचा आदेश दाखवला तर चार गोष्टी तपासा: आदेश कोणी काढला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हद्दीसाठी, आणि कारण म्हणून तुमच्या मोर्चाबद्दल नेमकी काय माहिती नोंदवली आहे. अनेक आदेशांत यात्रा, जयंती आणि निवडणुकांची जुनीच यादी चिकटवलेली असते.

पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, आणि तो नसेल तर उपनिरीक्षकापेक्षा खालचा नाही अशा अधिकाऱ्याला आहे. बळाचा वापर सर्वसाधारणपणे त्या हुकमानंतर, आणि तो मानला गेला नाही तर. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये मध्यरात्री झोपलेल्या माणसांवर पोलिसांनी कारवाई केली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये जो निकाल दिला त्याचा गाभा हाच आहे: आदेश निघाला तरी माणसांना उठायला आणि जायला पुरेसा वेळ आणि वाट दिली पाहिजे. तुमच्या बाजूने त्या वेळी मोबाइलवर दोन गोष्टी टिपल्या जाव्यात, हुकूम कोणी व किती वाजता दिला, आणि पहिली काठी किती वाजता उचलली गेली. पाच-दहा सेकंदांच्या तुकड्यांपेक्षा उंचावरून केलेले सलग चित्रण हजारपट कामाचे. आणि हेही खरे की चालू रस्ता बेमुदत अडवण्याच्या बाजूने कायदा आज उभा नाही. दिल्लीत नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधात रस्त्यावर धरलेल्या ठिय्याच्या शाहीनबाग प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. ठिय्या बेमुदत असेल तर जागा रस्त्याबाहेरची मागा.

पुढे काय झाले

लेखी आश्वासनाची मुदत सहा महिन्यांची होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेच शेतकरी नाशिकहून पुन्हा निघाले. या वेळी मोर्चा जिल्ह्याबाहेरही पडला नव्हता तेव्हाच सरकारचे लेखी पत्र आले आणि तो थांबला. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा, दिंडोरीहून. तेव्हा मोर्चा शहापूर तालुक्यात वाशिंदला मुक्काम करून बसला. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. मुंबई ऐंशीएक किलोमीटरवर होती आणि सरकारला मोर्चा शहरात नको होता. आंदोलकांनी या खेपेला आश्वासनाच्या कागदावर विसंबून उठायचे नाही असे ठरवले होते. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात निवेदन केल्यावर आणि अंमलबजावणीच्या सूचना जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचल्याची खात्री झाल्यावरच, १८ मार्चला वाशिंदचा मुक्काम हलला.